उशीची दिशा

सात नंबरच्या खाटेवर बूट घालून निजलेला तरुण पाहिला आणि आकांक्षा सिस्टरचा पारा चढला. तरी आधी तिने त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. पेशंट तो पेशंट!

"वाढलंय... फवारणी करून राहिले होते काय?"

"नाही हो! मी किशोर, अमरावतीचा इंजिनिअर. नव्या वॉर्डाचा नकाशा माझाच. पेशंटले इथून काय दिसते, ते पाहून राहिलो."

"मंग... दिसलं?"

"आता दिसलं..." तो तिच्याकडेच बघत होता.

"उठा! खरं पाहायचं ते तिकडं हाय."

कपाशीवर फवारताना विष चढलेल्या माणसांनी तो तालुक्याचा दवाखाना भरला होता. उशा उत्तरेच्या भिंतीला, ऑक्सिजन आणि घंटीही तिथेच. पण दक्षिणेला पाय करून वऱ्हाडात जिता माणूस निजत नाही! पेशंट उशी उचलून उलटे होत, नळ्या ताणल्या जात, घंटी पायाशी राही आणि सिस्टरांचे धावून धावून पाय गळत.

"बाई, जित्या माणसाले यमाकडं पाय करून काहून निजवता?" उलटा निजलेला पेशंट डोमाजी कळवळून म्हणाला.

"नव्या नकाशात बी असंच हाय ना?" आकांक्षाने विचारलं.

किशोरची मान खाली गेली. "सोमवारी मंजुरी हाय. बदलला तर मोठे साहेब हसतील मले."

"हसू द्या. माहे पेशंट भिऊन राहिले, त्याचं काय?"

दोन दिवस तो तिच्याच टेबलावर नकाशा खोडत बसला. चहा थंड होई... ती गरम करून आणी. सोमवारी तो गेला, तो गेलाच. चिठ्ठी नाही, फोन नाही. आकांक्षा मनातून खूप रुसली.

वर्षभराने नवा वॉर्ड उघडला. उशा पूर्वेला, घंटी हाताशी. पहिल्याच खाटेवरच्या पेशंट मनकर्णाबाई तीन तास सलग घोरल्या. आकांक्षाचा ऊर भरून आला.

"साहेब हसले?" मागे उभ्या किशोरला तिने न वळताच विचारलं.

"लय हसले. मंग सही केली." त्याने नकाशा उलगडला. कोपऱ्यात लिहिलं होतं - 'खाटांची रचना : आकांक्षा बोंडे, परिचारिका.'

सरकारी कागदावर तिचं नाव! डोळे पुसत तिने ते दोनदा वाचलं.

"वॉर्ड उभा झाल्याबिगर तोंड दाखवायचं नाही, असं ठरवलं होतं. आता अजून एका कागदावर... माह्या नावाशेजारी तुमचं नाव पाहिजे. चालते?"

ती लाजली. पण मान ताठच होती.

"रविवारी घरी या. बाबांशी बोला. अन्... बूट दाराबाहेर काढा!"