जमिनीखालचं ‘तू’

एक पाय कुंपणाच्या आत, दुसरा अजून बाहेर... आणि वरून पावसाची भुरभुर. फोटो काढायला आलेली मारेन अशी अडकलेली असताना खालून आवाज आला.

“तांब्याची तार न्यायला आलात? उशीर केलात. मागच्याच महिन्यात चोरली कुणीतरी.”

हेल्मेट घातलेला एक उंच तरुण उभा होता.

“मी चोर नाही! संग्रहालयाचं पत्र आहे माझ्याकडे.”

“मग फाटकातून या ना, बाई. उघडंच आहे.”

तो टिल्मान. जर्मनीच्या रूर भागातल्या या बंद कोळसाखाणीचे पंप तो सांभाळायचा. खाण बंद पडली तरी पाणी उपसावंच लागतं. मारेनचं घर म्हणजे तिची गाडी. आज वेल्स, उद्या स्पेन... जिथं खाण बंद पडेल तिथं जाऊन ती संग्रहालयांसाठी जुन्या यंत्रांचे फोटो काढायची. तीन आठवड्यांच्या वर ती कुठं टिकली नव्हती.

पहिल्या दिवशी लिफ्टचा पिंजरा आठशे मीटर खाली थांबला. “तुम्ही पुढे व्हा,” ती म्हणाली. टिल्मान मागे वळून शोधायला लागला.

“तुम्ही? मी तर एकटाच आलोय. खाली सगळे एकमेकांना तूच म्हणतात, साहेबालासुद्धा. दगड कोसळायला लागल्यावर ‘अहो, जरा सरकता का’ म्हणत बसायचं?”

ती खळखळून हसली.

मग तसंच ठरून गेलं. खाली — “अगं, डोकं सांभाळ!” “तूच सांभाळ, तुझं मोठं आहे.” दिव्याच्या उजेडात त्याची नजर तिच्यावर जरा जास्तच रेंगाळायची. आणि वर आलं की पुन्हा ‘तुम्ही’... “बरंय, बाई. उद्या भेटू.” त्या ‘बाई’चा तिला राग यायला लागला. गाडीत बसवेना, टपरीवरची कॉफी संपेना.

काम संपलं त्या दिवशी बुधवार होता. दुसऱ्या दिवशी ती बेल्जियममधल्या पुढच्या खाणीकडे निघणार होती. पिंजरा वर आला. दिवे परत घेणाऱ्या म्हाताऱ्या कुर्टपुढे दिवा ठेवताना टिल्मान बोलून गेला, “उद्या किती वाजता निघणार तू?”

कुर्टनं चष्म्यावरून पाहिलं. “वर आलास रे बाबा, मघाशीच.”

टिल्मान कानापर्यंत लाल झाला. “चुकून...”

“चुकून?” मारेननं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “चुकून नाही.”

बाहेर आल्यावर त्यानं एका दमात सांगून टाकलं. “थांब म्हणत नाही मी. थांबलीस तर गुदमरशील. पण शुक्रवारी माझं इथलं काम संपतंय, पंप आता शहरातून बटणावर चालणार. शनिवारी मी मोकळा... मला घेऊन जाशील?”

“गाडीत जागा कमी आहे.”

“घडी होऊन बसेन.”

“आणि शनिवारपर्यंत मी काय करू?”

“वाट बघ.”

आजवर तिनं बसचीसुद्धा वाट पाहिली नव्हती. ती गाडीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिनं बेल्जियमला फोन लावला.

“हॅलो... मला यायला सोमवार होईल. हो, दोघं येतोय.”