पंप थांबला त्या संध्याकाळी

“वहिनी, बाबा गप्प असले तर घाबरू नकोस, पण चेष्टामस्करी करायला लागले ना, की त्यांच्यावरची नजर काढू नकोस!” नणंदेनं एकदा बजावलं होतं, आणि लेकीला भरवता भरवता सुनेनं ते हसण्यावारी नेलं होतं. म्हातारा माणूस हसू लागला, यात वाईट ते काय?

ज्या खडीच्या खाणीत सासऱ्यांनी उभा जन्म पाणी उपसायचा पंप चालवला, तिथंच कडा कोसळून त्यांचा थोरला मुलगा, तिचा मोठा दीर, गाडला गेला होता. पोकलेन लावून माणसं थकली, वरून दरड येतच राहिली... तो सापडला नाहीच! आता खाण संपली होती, आणि त्या उजाड खड्ड्याला सावरायचा आराखडा नेमका सुनेच्याच हाती आला होता. उभे कडे तासून उतार करायचे, त्यांवर माती पसरून झाडं लावायची, पंप बंद करून तळात पाणी साठू द्यायचं. तिथं खेळायला जाणाऱ्या पोरांचा जीव वाचावा, म्हणून तिचा हा सारा अट्टाहास. पण ज्याच्या लेकावर ते पाणी चढणार, त्या बापाला तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

त्यांनीच तिला मोकळं केलं. “भरू दे पाणी, सूनबाई. पंप मात्र मीच बंद करणार. आधी तो रिटायर होऊ दे, मग मी!”

सगळे खळखळून हसले... तीसुद्धा.

दुपारी त्यांनी बटण दाबलं, आणि वर्षानुवर्षांची घरघर थांबली. संध्याकाळी ती घरी पोचली, तर दारात नणंद उभी.

“बाबा तुझ्याबरोबर नाहीत?”

त्यांची ती रिटायर व्हायची चेष्टा आठवली, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली! लेकीला नणंदेच्या हवाली करून ती धावत सुटली, घसरत, खरचटत खाणीच्या तळाशी उतरली. सगळीकडून पाणी झिरपत होतं, आणि त्याच दरडीला पाठ टेकून सासरे बसले होते... कमरेपर्यंत पाण्यात!

“बाबा, उठा! ओली दरड कधी खाली येईल, नेम नाही!”

“तू जा, पोरी. इतकी वर्षं मी त्याला कोरडा ठेवला गं... आता पाणी चढताना एकटा कसा सोडू?”

तिनं त्यांच्या शेजारी, त्या गार पाण्यात, सरळ बसकण मारली.

“हे काय? घरी लेक वाट बघतेय तुझी!”

“तुमचंही लेकरू इथंच आहे ना? मग दोघंही बसू. तुम्हाला विचारायला हवं होतं, बाबा... तुम्ही नाही म्हणाल, म्हणून भ्याले मी!”

“नाहीच म्हटलं असतं,” त्यांना हुंदका आवरेना, “आणि दुसऱ्या दिवशी नातीकडं बघून हो म्हटलं असतं. पण वेडे, विचारायचंस तरी!”

वरून चार खडे घरंगळले. त्या आवाजासरशी, मरायला बसलेल्या त्या म्हाताऱ्यानं तिचा दंड धरला आणि तिला जवळजवळ फरफटत वर आणलं!

त्यांनी तिला वाचवलं. तिनं त्यांना वाचवलं का, हे मात्र तिला अजून उमगलेलं नाही. आता तिथं तळं आहे, काठावर एक बाक आहे, आणि सासरे रोज त्यावर एकटेच बसतात. ती आणि तिचा नवरा कामावर असतात, नणंद आपल्या घरी... वाचकहो, तिचं एवढंच मागणं आहे: अशा एखाद्या तळ्याकाठी एकटं कुणी बसलेलं दिसलं, तर घाईत असलात तरी थांबा, “चहा झाला का?” एवढं तरी विचारा. आणि बाकाखाली नुसत्याच चपला दिसल्या, तर... हाका मारत पाण्याकडं जा हो, पाया पडते!