खोलीची शांतता

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे थोरले मामा. आणि ज्या खोलीत घडलं, तिथे मी स्वतः जाऊन आलोय.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्याच असतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी तर हे वाचावंच. कारण हे घडलं भर दुपारी. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. वरच्या शिंप्याच्या दुकानात मशीन खडखडत होतं.

खाली तळघरात मात्र यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. ती खोली त्याचसाठी बनवलेली होती.

माझे दोन्ही मामा ऑडिओबुकं वाचायचे. लोक प्रवासात, स्वयंपाक करताना कानाला लावून ऐकतात, ती. थोरल्यांचा आवाज जाडा, खरखरीत, पण वजनदार. एक लेखिकाबाई जुन्या दंतकथांमधल्या राजांवर कादंबऱ्यांची मालिका लिहायच्या. शापित मुकुट, बोलणाऱ्या तलवारी, पाताळात हरवलेल्या राण्या. त्या मालिकेतला प्रत्येक राजा थोरल्या मामांच्या आवाजात बोलायचा. शेजारीपाजारी त्यांना ‘महाराज’ म्हणून चिडवायचे. मामा वरवर वैतागायचे आणि आतून खूश व्हायचे.

धाकट्याला या कामात त्यांनीच आणलं. श्वास कुठे घ्यायचा, पान उलटताना कागद कसा वाजू द्यायचा नाही, सगळं हाताला धरून शिकवलं.

आणि धाकट्याचा आवाज निघाला सोन्यासारखा.

मालिकेचं शेवटचं पुस्तक आलं, तेव्हा लेखिकाबाईंनी दोघांना बोलावून घेतलं.

“या वेळी राजा धाकट्यांना वाचू दे,” त्या थोरल्यांना म्हणाल्या. “निवेदन तुम्ही करा. रागावू नका हं. हा राजा कोवळा आहे, तुमच्या आवाजात तो एकदम सासरा वाटेल.”

सगळे हसले. मामाही हसले. घरी येऊन मात्र न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. म्हणाला, “दादा, तुला चालणार नसेल तर सांग. मी नाही म्हणून कळवतो.”

हे तर त्यांना अजूनच झोंबलं. राजाही याने व्हायचं आणि मोठेपणाही यानेच घ्यायचा.

“वेडा आहेस का?” ते म्हणाले. “वाच की.”

आता त्या पुस्तकातली दंतकथा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एका राजाला दोन मुलगे. थोरल्याचा आवाज फुटक्या नगाऱ्यासारखा, धाकट्याचा गोड. त्या राज्याची रीत अशी, की नव्या राजाने भरसभेत मोठ्याने शपथ घ्यायची. त्याआधी सगळ्या सभेने थोडा वेळ गप्प राहायचं. सभेने धाकट्याला निवडलं. सगळे गप्प बसले. त्या शांततेत थोरल्याने मनातल्या मनात काहीतरी मागितलं. धाकट्याने शपथेसाठी तोंड उघडलं, तर आवाज नाही. मग थोरला उठला आणि त्याने शपथ घेतली...

धाकट्याच्या आवाजात.

बाईंनी कादंबरीत शेवट गोड केला होता. भाऊ भावाला माफ करतो, वगैरे. पण मूळ कथा इथेच संपते.

“मग थोरल्याच्या स्वतःच्या आवाजाचं काय झालं?” मामांनी विचारलं होतं.

“ते कुणी सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “मला कधी सुचलंच नाही बघा हे.”

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला. यंत्रावर नेहमीचाच माणूस होता. त्याला सगळे कानसेन म्हणायचे. खोलीत एक डास शिरला, तरी याला काचेपलीकडून समजायचं.

त्यांच्या कामात एक पद्धत असते. वाचन सुरू करण्याआधी खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. पुढे चुका कापल्या, खोकला काढला, की मध्ये भोक पडतं. ते तसंच सोडलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, आपण बहिरे झालो. म्हणून तिथे खोलीची शांतता भरायची. अख्ख्या पुस्तकात, जागोजागी, तीच शांतता.

पंखा बंद झाला. दोघांनी घड्याळं काढून बाहेर ठेवली. समोरासमोरच्या स्टुलांवर दोघे भाऊ बसले.

लाल दिवा लागला.

धाकट्याने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मामांना ते बघवेना. ही जागा माझी. हा माइक माझा. याला बोलायला शिकवलं ते मी.

आणि त्यांच्या मनात आलं...

बसू दे. याचा आवाज कायमचा बसू दे.

ओठ हलले नाहीत. श्वासही वाजला नाही. नुसतं मनात आलं.

दिवा विझला.

“झकास,” कानसेन म्हणाला. “अशी शांतता बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.”

त्या दिवशी धाकट्याने असं वाचलं, की कानसेन यंत्र थांबवायला विसरला. लेखिकाबाई डोळे पुसत होत्या. मामा निवेदनाची वाक्यं वाचत होते आणि कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं.

पुढच्या खेपेला धाकट्याचा आवाज जरा चिरकला. त्याने कोमट पाणी घेतलं. कानसेनने ती वाक्यं कापली आणि तिथे शांतता भरली.

त्याच्या पुढच्या खेपेला अजून कापावं लागलं. अजून शांतता भरावी लागली.

जितकी शांतता भरली जाई... तितका आवाज कमी होई.

मग एका दुपारी धाकट्याने वाक्य सुरू केलं आणि नुसते ओठ हलले. तो गोंधळून हसला. पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

काही नाही.

डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे. दुसरे डॉक्टरही तेच म्हणाले.

दोन दिवसांनी कानसेनने मामांना एकट्यालाच बोलावलं. त्याचा चेहरा पडला होता.

“मास्तर, हे ऐका,” तो म्हणाला. “ही त्या दिवशीची शांतता. मी फक्त आवाज वाढवलाय.”

मामांनी हेडफोन लावले.

आधी नुसती सूं... अशी पोकळी. मग त्या पोकळीच्या तळाशी कुणीतरी कुजबुजत होतं. खरखरीत. जाडं.

बसू दे... याचा आवाज... कायमचा बसू दे...

“तुम्ही तोंड उघडलं नव्हतं,” कानसेन म्हणाला. “मी काचेतून बघत होतो, मास्तर. तुम्ही तोंड उघडलंच नव्हतं.”

“पुसून टाक,” मामा म्हणाले. त्यांनी हेडफोन काढून ठेवले.

“पुसलं. पण ती शांतता पुस्तकभर पसरली आहे. प्रत्येक वाक्याच्या खाली आहे.”

खरं तर त्याच दिवशी मामांनी पुस्तक सोडायला हवं होतं. ते सोडतील असं कानसेनलाही वाटलं. पण संध्याकाळी लेखिकाबाईंचा फोन आला. “आता तुमच्याशिवाय कोण आहे? राजा तुम्हीच वाचा.”

आणि मामा हो म्हणाले.

कारण इतकं सगळं होऊनही, आईशपथ, त्यांना बरं वाटलं. हे त्यांनीच पुढे माझ्या आईला सांगितलं.

वाचनाच्या दिवशी धाकटाही आला. मुका, पण हसतमुख. काचेपलीकडे बसला आणि भावाला अंगठा दाखवला.

कानसेनने नवी शांतता घ्यायला नकार दिला. दिवा लागला. मामांनी पान समोर धरलं. राजाची शपथ होती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि वाचायला लागले.

खोलीत धाकट्याचा आवाज घुमला.

तोच. गोड, मोकळा, सोन्यासारखा.

मामांच्या हातून पानं गळून पडली. त्यांनी गळा दोन्ही हातांनी धरला. “हे काय... हे काय झालं...” हेसुद्धा त्याच आवाजात.

काचेपलीकडे धाकटा उभा राहिला होता. तो ओरडत होता. काचेवर वाफ धरत होती, ओठ हलत होते, आणि तिकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

ते पुस्तक कधीच बाहेर आलं नाही.

याला बराच काळ झाला. धाकटा मामा अजून बोलत नाही. थोरले बोलू शकतात, पण बोलत नाहीत. एकदाच आमच्या घरी आले आणि सगळी हकीकत आईला सांगितली. आई नंतर मला म्हणाली, “ऐकताना कुठे बघावं तेच कळेना. मी सारखे डोळे मिटत होते.” ती डोळे मिटायची, की तिला धाकटा समोर बसलेला वाटायचा. उघडायची, की थोरले. ते गेल्यावर ती खूप रडली.

मला मात्र एकच प्रश्न छळत होता. लेखिकाबाईंना मामांनी विचारलेला.

थोरल्याचा स्वतःचा आवाज कुठे गेला?

म्हणून मी त्या तळघरात गेलो. कानसेनने काम बंद केलंय, पण किल्ली त्याच्याकडेच असते. खूप विनवण्या केल्या, तेव्हा त्याने दार उघडलं. रिकामी खोली. दोन स्टुलं. त्याने माइक चालू केला, हेडफोन माझ्या हातात दिले आणि स्वतः जिना चढून वर निघून गेला.

सूं... अशी पोकळी.

बराच वेळ काहीच नाही. मी हेडफोन काढणारच होतो...

“आलास?”

जाडा, खरखरीत आवाज. माझ्या लहानपणीच्या सगळ्या राजांचा.

मग अगदी प्रेमाने त्याने विचारलं, “तुला कुणाचा हवाय?”

मी हेडफोन फेकले आणि जिन्याने वर पळालो. तोंडातून अक्षर काढलं नव्हतं, शपथेवर सांगतो.

पण त्या क्षणी मनात एक नाव आलं होतं. माझ्या चुलतभावाचं. छान गातो तो.

तेव्हापासून मी रोज काहीतरी निमित्त काढून त्याला फोन करतो. तो ‘हॅलो’ म्हणाला, की जीवात जीव येतो.

आज सकाळीही केला. उशिरा उचलला. घसा जरा बसलाय म्हणाला, सर्दी असेल.