फौजदाराचा आपला माणूस

लोणारच्या विवराच्या काठावर चांद्रवस्तीच्या सरावाचं एक केंद्र होतं, आणि त्या केंद्रात सगळ्यात जास्त मान होता तो एका कावळ्याला. त्याचं नाव फौजदार. नवी वस्तू दिसली की मान तिरकी करून तो आधी तिची झडती घ्यायचा, म्हणून डॉ. उर्मिला धारप यांनी त्याला हे नाव दिलं होतं. पंखही फुटले नव्हते तेव्हापासून त्यांनीच त्याला वाढवलं होतं. गावात दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही की मंडळी केंद्राच्या फाटकाशी येऊन म्हणत, "बाई, तुमचा फौजदार घटकाभर देता का?" उर्मिलाबाई हसून नाही म्हणत. फौजदार त्या कुणालाच देत नसत.

आता त्याला चंद्रावर जायचं होतं. तिथे लाव्हानळीत, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या पोकळ बोगद्यात, माणसांची वस्ती होती आणि बोगद्याच्या भिंतींना तडे जात. कुठला तडा निरुपद्रवी आणि कुठला जीवघेणा, हे यंत्राला शिकवायचं तर नमुने हजारोंनी हवेत, आणि जीवघेणे तडे हजारोंनी जमवायचे म्हणजे तितक्याच वेळा वस्ती धोक्यात घालायची. कावळ्याला मूठभर नमुने पुरत. फौजदाराबरोबर सांभाळणारं माणूस मात्र एकच जाणार होतं. उर्मिलाबाईंनी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली होती, आणि नेमका तेव्हाच निनाद वाघमोडे केंद्रात रुजू झाला.

तरुण, हुशार, आणि वर नम्र. उर्मट माणसाचा निदान उघड राग तरी करता येतो. पहिल्याच दिवशी फौजदार त्याच्या खांद्यावर जाऊन बसला आणि त्याच्या कॉलरची झडती घेऊ लागला, तेव्हा बाईंनी फौजदाराला लगेच हाक मारली.

निनाद खडकांचा अभ्यासक होता, मेंदूचा नव्हे. त्याने विचारलं, "मॅडम, हा शिकतो म्हणजे आत नेमकं काय होतं?"

फौजदाराच्या टाळूखाली तिळाएवढी चकती बसवलेली होती. तिच्यामुळे त्याच्या मेंदूतल्या पेशी 'वर्गदर्शका'च्या पडद्यावर ठिपक्यांसारख्या दिसत. बाईंनी तिकडे बोट केलं.

"सुरुवातीला प्रत्येक तडा त्याला वेगळाच दिसतो. बरोबर चित्रावर चोच मारली की दाणा, चुकली की काही नाही. होता होता काही पेशी सगळ्याच जीवघेण्या तड्यांना सारख्या उजळायला लागतात, मग तडा आडवा असो की उभा. त्या झाल्या वर्गपेशी. त्याच्यापुरता तो वर्ग तेव्हा जन्माला येतो."

"म्हणजे आपण शिकवू ते तो शिकतो."

"छे! दाणा ज्याच्याबरोबर येतो ते तो शिकतो. तुमच्या आमच्या मनात काय होतं याच्याशी त्याला काय देणंघेणं? म्हणून इथे चाचणीबाहेर शेंगदाणा द्यायचा नाही. मी लाडानेसुद्धा कधी दिला नाही."

हे अगदी खरं होतं. बाई त्याच्याशी तासन् तास बोलत, त्याची मान खाजवत, पण दाणा म्हणाल तर नाही.

निनादनेही नियम काटेकोर पाळला. तरी फौजदार त्याच्या आसपास घुटमळायचाच. नव्या वस्तूची झडती पुरी व्हायला वेळ लागतो, एवढंच त्याचं कारण असेल. पण मत्सराला कारणं पटत नाहीत. आयत्या बिळावर नागोबा, असं बाई मनात म्हणत. निनाद हसला की त्यांना वाटे, आपल्यालाच हसतोय. तो गप्प बसला की वाटे, काहीतरी शिजवतोय. त्याने एकदा त्यांच्यासाठी चहा आणला, तर त्यातही त्यांना डाव दिसला.

एके सकाळी निनाद दारातून आत आला. फौजदाराने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाईंकडे मान वळवली. बाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी निनादची नजर चुकवून फौजदाराच्या चोचीत शेंगदाणा ठेवला.

मग ते रोजचंच झालं. निनाद आला, फौजदाराने त्याच्याकडे पाठ केली, की दाणा. निनाद नसताना दाणा द्यायची बाईंना गरजच वाटत नसे. तेव्हा तर तो त्यांचाच होता! आयुष्यभर दुसऱ्यांना जे शिकवलं ते बाईंना त्या वेळी एकदाही आठवलं नाही. मत्सर माणसाची विद्यासुद्धा झाकतो.

निवडीच्या दिवशी संचालिका डॉ. फरीदा इनामदार आल्या. "सोबत कोण जाणार हे आपण ठरवायचं नाही," त्या म्हणाल्या. "घाबरला की कावळा आपल्या माणसाजवळच शांत राहतो. तेव्हा त्याचा आपला माणूस कोण, ते त्यालाच सांगू दे."

फौजदारासमोर एकेक चेहरा दाखवला गेला. निनादचा चेहरा आला आणि 'आपल्या माणसा'च्या वर्गपेशी दिवाळीसारख्या उजळल्या. बाईंचा चेहरा आला. पडदा काळाच राहिला. रिकाम्या दांडीचं चित्र दाखवलं तेव्हा तो जसा होता, अगदी तसाच.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "यात लबाडी आहे," त्या म्हणाल्या, आणि आपला आवाज चढलाय हे त्यांना कळलं तरी तो उतरेना. "याने दाणे चारलेत. चोरून. त्याशिवाय असं होणं शक्य नाही."

"मी? नाही हो मॅडम!" निनादचा चेहरा पडला. "एकदासुद्धा नाही."

"फरीदा, मूळचित्र काढ. आत्ता."

फरीदा क्षणभर घुटमळल्या. वर्गदर्शकाचं ते सगळ्यात अवघड काम होतं. यंत्र एक धूसर चित्र घेई, त्यात किंचित बदल करून ते फौजदाराला दाखवी, आणि ज्या बदलाने वर्गपेशी जास्त उजळत तो ठेवून पुढे जाई. असं करत शेवटी त्या पेशींना जे सगळ्यात हवं असतं तेच चित्र उमटे.

पडद्यावर आधी दार दिसलं. मग दारात निनाद. बाईंनी विजयाने फरीदांकडे पाहिलं.

मग चित्राच्या कडेने एक हात आत आला. चिमटीत शेंगदाणा होता. मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि त्या केंद्रात तशा बांगड्या एकच बाई घालत असे.

निनाद भलतीकडेच बघू लागला. बाईंना सगळं एकदम कळलं. निनाद आला की दाणा, एकट्या उर्मिला धारप म्हणजे काही नाही. फौजदाराने चूक केलीच नव्हती. त्याला जे शिकवलं गेलं ते तो शिकला होता.

"हा निनादबरोबर जाईल," फरीदा हळूच म्हणाल्या. "पण यापुढे दाणा निनादनेच द्यायचा. नाहीतर ही ओळखही पुसली जाईल. उर्मिला, तू त्याच्या नजरेआड राहा."

इतक्यात फौजदाराने निनादकडे एकदा पाहिलं, रीतीप्रमाणे त्याच्याकडे पाठ केली, आणि उडून बाईंच्या मनगटावर येऊन बसला. चोच उघडून तो त्यांच्याकडे बघत राहिला.

बाईंच्या ओच्यात दाणे होतेच. दिला, तर हा आणखी थोडा निनादचा होणार. नाही दिला, तर जाताना याच्यासाठी आपण रिकामी दांडी. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"खा बाबा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दाणा त्याच्या चोचीत ठेवला. पडद्यावर निनादच्या नावाचे ठिपके पुन्हा उजळले असणार. त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.