साडेचार किलोचा कोट

"अहो बाई, काट्यावर चढायचं असतं. त्याची झडती नसते घ्यायची!"

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि मी गुडघे टेकून त्यांचा वजनकाटा न्याहाळत होते. त्याचा एक पाय फरशीच्या फटीत गेला होता. मी काटा दोन बोटं सरकवला, पर्समधून माझं एक किलोचं पितळी वजन काढलं आणि वर ठेवलं. आकडा उजळला — एक किलो शंभर.

"शंभर ग्रॅम जास्त दाखवतोय. निरीक्षक आहे मी," मी जाहीर केलं.

"मग माझे आजवरचे शंभर ग्रॅम परत मिळतील का?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं. रांगेत एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. अंगात राखाडी कोट, ओठांत दाबलेलं हसू. आणि डोळे... असू दे. डोळ्यांबद्दल नंतर सांगते, कारण त्या दिवशी माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

मी वजनमापे निरीक्षक आहे. मला पाहिलं की दुकानदार आधी तराजूखालचं लोहचुंबक काढतात आणि मग हसतात. संशय घेणं हे माझं कामच. त्यात दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं, "आधी दहा किलो कमी कर, मग घरी तुझ्याबद्दल बोलतो." मी अकरा कमी केले. ते बोलले नाहीत. अकराचे सोळा होऊन परत आले, गृहस्थ मात्र आले नाहीत. तेव्हापासून मी ठरवून टाकलं होतं, काट्याचं ऐकायचं, माणसाचं नाही.

दीड महिन्यापूर्वी माझ्या जठराच्या वरच्या भागाभोवती बँड बसवला होता. म्हणजे एक पोकळ पट्टा. आज त्यात पहिल्यांदा मिठाचं पाणी भरून तो जरासा आवळायचा होता. डॉक्टरीणबाईंनी पोटाच्या कातडीखालची बटणाएवढी डबी बोटांनी चाचपून शोधली, सुई टोचली आणि मी डोळे उघडेपर्यंत काम संपलंसुद्धा.

"एवढंच?" मी संशयाने विचारलं.

"एवढंच. आता बाहेर बाकावर ताठ बसायचं. ग्लासभर पाणी घोट घोट प्यायचं. ते नीट खाली गेलं, तर घरी."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला तोच कोटवाला बसला होता. भर उन्हाळ्यात कोट! मी एक घोट घेतला आणि आत काय होतंय त्याचा कानोसा घेत बसले.

"गेलं का?" त्याने हळूच विचारलं.

"काय?"

"पाणी. खाली."

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. पण पहिल्या घोटाला सगळे असाच चेहरा करतात. जणू घरात पाहुणा शिरलाय, आणि तो बसणार की निघणार तेच कळत नाही."

मला हसू आलं. ते मी पाण्याबरोबर गिळलं.

"आठ महिन्यांपूर्वी मी इथंच बसलो होतो," तो म्हणाला. "एकशे बत्तीस किलो."

मी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. टोपलीत वर तेवढे चांगले टोमॅटो रचणारे भाजीवाले मी रोज बघते. दवाखान्याने हा नमुना बाकावर मुद्दाम मांडून ठेवला असणार, याबद्दल माझी खात्रीच पटली.

"रोज बसवतात का तुम्हाला इथे? आमच्यासारख्यांना दाखवायला?"

तो मोठ्याने हसला. हसता हसता खोकला लागला, आणि बराच वेळ थांबेना. मग रुमालाने तोंड पुसत त्याने मला, मी न विचारताच, पुढचं सगळं भविष्य सांगितलं. "आज वाटेल, काहीच फरक पडला नाही, डॉक्टरांनी फसवलं. पहिल्या भरणीत पुष्कळांना तसंच वाटतं. दोन दिवस पातळ, पुढचे दोन दिवस मऊ, मग हळूहळू नेहमीचं. घास नखाएवढा. जेवताना पाणी नाही. आणि पाचव्या दिवशी तुम्ही घाईघाईत पाव खाल."

"मुळीच नाही खाणार."

"खाल हो... आणि अडकेल. घाबरू नका. उभ्या राहा, चाला, थांबा. पण पाणीसुद्धा उतरेना, किंवा आडवं झाल्यावर खोकला यायला लागला, तर तडक इथे या. लाजायचं नाही. पट्ट्यातलं थोडं पाणी काढून घेतात, की झालं."

एवढ्यात त्याला वजनाला बोलावलं. "कोट काढा," सिस्टर म्हणाल्या. "आतला शर्ट फाटलाय हो, सिस्टर. या निरीक्षकबाईंसमोर अब्रू घालवता का?" त्याने असं काही तोंड केलं की त्या हसल्या आणि तसंच वजन लिहून घेतलं. वर पंखा गरगरत होता. माझे केस उडत होते, फायलीतले कागद फडफडत होते... आणि त्याचा तो पातळ कोट ओळंब्यासारखा सरळ लोंबत होता. शिंपी चांगला दिसतोय, असं मला वाटलं.

जाताना त्याने कार्ड दिलं. 'पडदे शिवून व लावून मिळतील.' मी ते फेकून देण्यासाठी पर्समध्ये ठेवलं.

पाचव्या दिवशी मी पाव खाल्ला.

ऑफिसात उशीर झाला होता, भूक लागली होती, आणि चार दिवस खरंच काही वाटलं नव्हतं. दुसरा घास छातीत येऊन बसला तो हलेचना. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांतून धारा. एका हाताने भिंत धरली आणि दुसऱ्याने कार्डावरचा नंबर फिरवला.

"पाव?" पलीकडून पहिलाच शब्द आला.

"हुं..."

"चाला. मी फोनवर आहे. खिडकीपर्यंत जा, परत या. खिडकीला पडदा कसला आहे, सांगा बघू."

"हुं... वि... विटका."

"अरेरे! तोही बदलू."

वीस मिनिटांनी घास उतरला. वीसही मिनिटं तो पडद्यांबद्दल बोलत होता. मग मला वाटलं, हा माणूस एवढा चांगला का वागतोय? नक्कीच काहीतरी भानगड असणार.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही माझ्या ऑफिससमोरच्या छोट्या हॉटेलात भेटू लागलो. तो दोन वाडगे मऊ खिचडी मागवायचा आणि माझे घास चावणं ओठांतल्या ओठांत मोजायचा. "एकोणीस... वीस... आता गिळा, निरीक्षकबाई." मी लाजायचे आणि त्यामुळे आणखीच हळू खायचे. त्याचा वाडगा मात्र भरलेलाच. "मी जेवून आलोय."

पहिल्या शनिवारी जेवून आला, दुसऱ्या शनिवारी जेवून आला. तिसऱ्या शनिवारी मी सरळच विचारलं, "घरी कोण वाढतं तुम्हाला?"

"म्हणजे... माझं लग्न झालंय का?" तो मिश्कीलपणे म्हणाला.

"मी तसं विचारलं नाही."

"विचारलंत. घरी एक शिडी आहे फक्त. तीही नवी." हसू जरा मावळलं. "जुनी माझ्याखाली मोडली. गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात, पाहुण्यांनी भरलेल्या. मी पडद्यासकट खाली. आधी सगळे घाबरले आणि मग... हसले. दोन वर्षं मी शिडीवर चढलो नाही. खाली बसून नुसतं शिवायचो."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. घड्याळाच्या पट्ट्याला आरीने पाडलेली तीन नवी भोकं होती. तिसरं अगदी ताजं.

विषय बदलायला मी म्हटलं, "आमच्या ऑफिसचे पडदे सारखे उडतात हो."

"खालच्या दुमडीत शिसं घाला." त्याने खिशातून एक छोटी चकती काढून माझ्या तळहातावर ठेवली, आणि त्याची बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली. "ह्या पाच-सहा शिवल्या की वादळातसुद्धा पडदा हलत नाही."

सोमवारी मी ती चकती ऑफिसातल्या तराजूवर ठेवली. बरोबर पंचवीस ग्रॅम. समोर विटका पडदा पंख्याखाली फडफडत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, चकतीकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे... आणि दवाखान्यातला तो न हलणारा कोट माझ्या डोळ्यांपुढे आला.

संध्याकाळी त्याच्या दुकानात गेले. तो मशीनवर वाकून खोकत होता. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर एकावर एक तीन उशा, शेजारी साय धरलेला दुधाचा पेला. कोट खुंटीवर होता. मी न विचारता तो उचलला.

"साडेचार किलो," मी म्हटलं. "ह्या कापडाचा कोट फार तर सहाशे ग्रॅम भरतो."

मशीन थांबलं.

"दवाखान्यात वजन स्थिर दिसावं म्हणून ना? दर वेळी चकत्या वाढवता. घास उतरत नाही, आडवं झालं की खोकला येतो, दूधसुद्धा जात नाही. 'लाजायचं नाही, तडक इथे या...' कोणी सांगितलं होतं मला?"

"तुमचा स्वभावच संशयी," तो तुटकपणे म्हणाला.

"हो, आहे. खोटं आहे का ते सांगा."

त्याने सुईखालचं कापड उगाच सरळ केलं. मग अगदी हळू म्हणाला, "त्यांना कळलं तर पट्टा सैल करतील. सैल केला की मी पुन्हा तोच. तुम्हाला नाही कळायचं... तुम्ही मला तसा पाहिलेला नाही. पाहिलं असतंत तर शनिवारी आल्या नसतात."

हे मात्र मला झोंबलं. दहा किलोंवर प्रेम टांगणाऱ्या माणसासाठी मी कधी काळी रडले होते, आणि आता हा मलाच त्याच्या रांगेत उभं करत होता.

"सांगणार आहात डॉक्टरांना?" त्याने विचारलं.

"काटा खोटा निघाला तर मी आधी दुकानदाराला नोटीस देते. पुढच्या मंगळवारी आपल्या दोघांचीही तपासणी आहे. तोवर तुम्ही सांगितलं नाहीत, तर मी सांगेन. मग माझं तोंडही पाहू नका." आवाज फुटायच्या आत मी बाहेर पडले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने माझ्यापुढे मऊ भात ठेवला आणि म्हणाली, "तुझं हे असंच. संशय खोटा ठरला तर चिडतेस, खरा ठरला तर रडतेस."

"तो येणारच नाही, आई."

"तेही बघ. संशयच तो. दर वेळी खरा ठरलाच पाहिजे असं कुठे आहे?"

मंगळवारी मी पितळी वजन घरीच ठेवून गेले. तो आधीच रांगेत होता. कोट घालून! बटणं गळ्यापर्यंत लावलेली. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. माझा सगळा धीर खचला. सांगायचं तर होतंच, पण ते सांगून आपण काय गमावणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

सिस्टरनी हाक मारली. तो काट्यापर्यंत गेला. थांबला. एक बटण काढलं... दुसरं... मग मागे वळून थेट माझ्यासमोर आला.

"धरता का जरा?"

कोट माझ्या हातांवर आला आणि माझे दोन्ही हात खाली झुकले. तो परत जाऊन काट्यावर चढला. पातळ शर्टातून खांद्यांची हाडं दिसत होती. शर्ट कुठेही फाटलेला नव्हता.

"अगं बाई!" सिस्टर आकडा बघून ओरडल्या. "काटा बिघडला का?"

"नाही, सिस्टर," तो म्हणाला. "काटा आता बरोबर दाखवतोय. मीच खोटा होतो."

डॉक्टरीणबाईंनी त्याची चांगली कानउघाडणी केली. दाराबाहेर ऐकू येत होतं. "इतका घट्ट पट्टा अंगावर ठेवून गप्प बसलात? जिवाशी खेळ आहे हा! आणि सिस्टर, यापुढे कोट, जाकीट, काही चालणार नाही." मग पट्ट्यातलं पाणी काढून घेतलं आणि त्याला बाहेर बाकावर बसवलं. हातात ग्लास. महिन्याभरापूर्वी मी जिथे बसले होते, तिथेच. मी दुसऱ्या टोकाला बसले होते. सरकून मधोमध आले. मांडीवर साडेचार किलोचा कोट.

तो ग्लासाकडे नुसता बघत होता. "पुन्हा वाढलो तर? पुन्हा शिडी मोडली तर?"

"खाली मी धरून उभी असेन."

"एकशे बत्तीस किलोंच्या माणसाला?"

"माझ्या हाताला वजनाची सवय आहे," मी म्हटलं. "आणि ऐक, मला तू आवडतोस. आकडा न बघता आवडतोस. हे मी पुन्हा सांगणार नाही, तेव्हा नीट ऐकून ठेव."

'तू' कधी आलं ते मलाच कळलं नाही. त्याने चमकून वर पाहिलं. आता डोळ्यांबद्दल सांगते. ते काठोकाठ भरले होते, आणि खरे होते. मी तपासले.

त्याने एक घोट घेतला. मी त्याच्या गळ्याकडे बघत राहिले.

"गेलं का?"

तो क्षणभर कानोसा घेत बसला. मग त्याचा सगळा चेहरा हळूहळू सैल झाला.

"गेलं," तो म्हणाला. "सरळ खाली गेलं, ग!" आणि हसला. या वेळी खोकला आला नाही. "मग निरीक्षकबाई, तपासणीत पास ना? आता शिक्का मारणार?"

"आमचा शिक्का वर्षभरच चालतो. दर वर्षी नव्याने तपासावं लागतं."

"दर वर्षी?" त्याचा हात कोटाखालून माझ्या हातापर्यंत आला. "म्हणजे... किती वर्षं?"

"आधी ते पाणी संपव," मी म्हटलं, आणि हात तसाच राहू दिला.