बेहड्याखालची फुसकी किक

"चौघं बसलो तरच ती लवकर गरम होईल!" निकिता म्हणाली. "अन् गरम झाल्याबिगर तिचा आजार समजत नाई."

 वर्षाच्या बाची, म्हणजे धावजींची, सोळा वर्षांची मोटारसायकल अंगणात अगदी शहाण्यासारखी उभी होती. पण दिवाळीच्या सुट्टीआधी आठ दिवस ती रोज एकाच जागी बंद पडली होती. तांड्यावरून फुलसावंगीच्या शाळेकडे निघालं, की चढ संपता संपता, बेहड्याच्या झाडाखाली! अर्धा तास गेला की निमूट चालू व्हायची. कोणी म्हणे झाडावर काहीतरी आहे, कोणी म्हणे बाजूच्या तुरीत वाघ बसतो. मेकॅनिकने थंड गाडीला किक मारली, प्लग पाहिला आणि "काहीच झालं नाई" म्हणून परत धाडली. शेवटी बाने सांगून टाकलं होतं, "पोरीले घेऊन त्या झाडाखाली मी रोज उभा नाई राहणार. सुट्टीनंतर शाळा बंद!"

आज शनिवार होता आणि शाळा सोमवारी उघडणार होती. वर्षाला आठवीतच घरी बसायचं नव्हतं. पण तिला त्या झाडाखालीही जायचं नव्हतं.

निकिता मात्र हट्टाला पेटली होती. वर्षाची ही वर्गमैत्रीण सुट्टीभर दारव्ह्याला मामाच्या गॅरेजात बसून आली होती आणि दोन दिवसांसाठी तांड्यावर राहायला आली होती. बा आणि याडी, म्हणजे आई, कापूस वेचायला गेलेले. गाडी चालवणारा एकटा शामकाका घरी होता, आणि तो काही केल्या उठेना.

"राहू दे ना," वर्षाचा धाकटा भाऊ अमर मोठ्याने म्हणाला. "काका घाबरते!"

"कोण घाबरते बे?" शामकाका ताडकन उठला. अमरने वर्षाकडे पाहून हळूच डोळा मारला.

अमर टाकीवर, मध्ये शामकाका, मागे दोघी. गाडी कण्हत कण्हत चढाला लागली. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी उंच तूर होती. वर्षा मनातल्या मनात म्हणत होती, 'आज नको, आज नको!' पण झाड दिसलं आणि इंजिन गचके खाऊ लागलं. मग फट्‌ करून बंद!

"पाहा!" शामकाकाचा आवाज चिरकला. "झाडच आहे तसं! चला पायी!"

"थांबा! किक मारा आधी," निकिता म्हणाली.

शामकाकाने किक मारली. त्याचा पाय लोण्यात रुतावा तसा खाली गेला. निकिताचे डोळे चमकले. "सकाळी किती जड होती! आत हवाच दाबल्या जाऊन नाई राह्यली. कॉम्प्रेशन कुठून तरी निसटून राह्यलं."

"झाडच खाते ते!" अमर कुजबुजला.

"गप रे! झाड नाई, चढ आहे. इथवर आली की ती पुरी तापते, म्हणून इथंच बंद पडते."

सोबत आणलेले पाने अन् तेलाची बाटली काढून तिने ओढणी हाताला गुंडाळली आणि तापलेला प्लग काढला. बाटलीतलं चमचाभर तेल भोकातून आत सोडलं आणि प्लग पुन्हा बसवला. "आता किक जड झाली, तर आतल्या रिंगा झिजल्या. तशीच राह्यली, तर व्हॉल्व्ह, म्हणजे आतली झडप, नीट मिटत नाई."

किक तशीच फुसकी होती.

"व्हॉल्व्ह!" निकिता ओरडली, आणि त्याच क्षणी तूर हलली. वारा नव्हता. काहीतरी जड शेंगा मोडत पुढे सरकत होतं.  वर्षाने निकिताची बाही ओढली.

"निकिता, चल ना! कायले थांबली?"

"पायी कुठवर पळशील? वहीचं पान दे!"

वर्षाने खिशातल्या छोट्या वहीचं पान फाडलं. निकिताने इंजिनच्या डोक्यावरची दोन झाकणं उघडली. किक हळूहळू दाबत, दोन्ही व्हॉल्व्ह मिटायला हवेत अशा जागी इंजिन आणलं आणि आतला स्क्रू ओढणीच्या चिमटीत धरून हलवून पाहिला. तो तसूभर हलेना. "हे टॅपेटचे स्क्रू पार आवळले आहेत! स्क्रू अन् व्हॉल्व्हमध्ये किंचित फट ठेवा लागते. तापलं की लोखंड वाढते, अन् फट नसली तर व्हॉल्व्ह उघडाच राहते. हे पाहा, नटावर नवे ओरखडे!"

तुरीतून घुर्र असा आवाज आला. अमरने वर्षाचा हात गच्च धरला. निकिताने नट सैल केला, पान फटीत घातलं, ते जेमतेम सरकेल इतका स्क्रू फिरवून नट कसला. मग दुसरा. पाना तिच्या हातातून निसटून मातीत पडला, तेव्हा वर्षानेच झडप घालून तो उचलून दिला. झाकणं बसली.

"मारा काका!"

किकने शामकाकाचा पाय वर फेकला. "जड झाली!" दुसऱ्या किकला इंजिन धडधडलं. चौघं कसेबसे बसले, आणि तूर दुभंगून एक भलंमोठं रानडुक्कर सुळे काढून रस्त्यावर आलं! वर्षाने डोळे मिटून किंकाळी फोडली. गाडी मात्र थांबली नाही. चढ ओलांडून पुढच्या पुलापर्यंत गेली, लांबच्या रस्त्याने वळून तांड्यावर आली, तरी तिचं टिकटिक टिकटिक चालूच!

बा आणि याडी अंगणात आले होते. आधी सणसणीत बोलणी बसली. मग बाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टॅपेट आवळले कोणं?"

शामकाकाचे कान लाल झाले. "भाऊ... मी सुट्टीच्या आधी मुलगी पाहाले गेलतो ना. गाडी लय टिकटिक करे. म्हटलं, पोरीकडचे खटारा म्हणतील. म्हणून आवाज बंद केला. झाडाचं ऐकून मले वाटलं, आपला काही संबंध नाई."

"अन् माह्या पोरीची शाळा बंद होऊन राह्यली होती!" याडी कडाडली. "पोरीकडच्यायले नवरदेव पाह्यचा होता का गाडी?"

 बा तापलेल्या गाडीवर बसून एकटाच चढाकडे गेला. वर्षा कान लावून उभी राहिली. आवाज आता थांबेल, असंच तिला वाटत होतं. पण तो लांब गेला आणि तसाच परत आला.

"निकिता, मोठ्या मेकॅनिकले जमलं नाई ते तू केलं," बा उतरत म्हणाला. "अन् त्या तुरीजवळ तुम्हा पोरीयचं डोकं थाऱ्यावर राह्यलं, हे त्याहून मोठं." मग तो वर्षाकडे वळला. "सोमवारी सातला तयार राह्यजो."

इतका वेळ एकदाही न रडलेली वर्षा तेव्हा मात्र ढसाढसा रडली.