येळवशीचा चर

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या दुपारी कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव पुजून झाले, आणि शेताभोवती चर शिंपायला, आंबील शिंपडत फेरा घालायला, मडकं उचलावं म्हणून वनमालेनं हात पुढं केला, तोच मागून आवाज आला, "ठेव ते खाली! चर मालकानं शिंपायचा असतो!"

रणधीर! तिचा थोरला भाऊ... कैक वर्षांनी गावी, ईटला आला, आणि आला तो असा!

तिनं हात मागं घेतला. वडील हिंमतराव, घरात सगळे त्यांना भाऊ म्हणत, लिहून गेले होते: आई धुरपदाबाई हयात आहे तोवर शेत तिनं खावं, तिच्यामागं ते रणधीरचं. आता म्हातारीनं हट्ट धरला होता की शेत वनमालेला द्यायचं. पण भूमचे वकील म्हणाले, रणधीरच्या सहीशिवाय हे बदलता येणार नाही. निरोप धाराशिवला रणधीरकडं गेला, आणि हा तणतणत हजर!

"मायला फितवलंस व्हय गं? नवरा गेला, माहेरी येऊन बसलीस, आता शेतबी पायजे?"

हिवाळी ऊन, डुलणारी ज्वारी, लांब कुणाच्या तरी शेतातली चर शिंपतानाची आरोळी... सगळं वनमालेच्या डोळ्यांतल्या पाण्यात तरंगू लागलं. स्वप्नातच उभी आहोत असं तिला वाटलं. बोलायचं खूप होतं, पण तोंडाला कुलूप तिनंच घातलेलं!

"अरं करंट्या!" कोपीतून धुरपदाबाई कडाडल्या, "भाऊ तर शेत हिलाच देणार व्हते! हीच त्यांच्या पाया पडली. म्हणली, दादाचं नाव लावा, नाव असलं की येळवशीला तरी त्यो येत ऱ्हाईल... आन् तू? फिरकलास का रे एकदा तरी?"

रणधीर तिच्याकडं वळला. "वने... खरं हाय हे?"

"सही करू नगंस, दादा!" तिचा बांध फुटला. "मला न्हाय पायजे शेत! तुझं नाव पुसलं, तर तू कशाला येशील रे इथं?"

 रणधीरनं वाकून मडकं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"सही मी करणार. शेत तुझं... आन् माझं माहेर बी आता तूच! दर येळवशीला येतो, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी तेवढी राखून ठेव."

वनमाला आंबील शिंपडत पुढं निघाली. मागून रणधीरची आरोळी येत होती, भाऊ घालायचे तशीच... मधेच आरोळी थांबली. पुन्हा निघून गेला की काय, म्हणून वनमालेनं वळून पाहिलं. दादा मागंच होता, उपरण्यानं डोळे पुसत.